उसनं नाक

निसारभाईंना वास येत नसे. वाळूजला गाड्यांच्या कारखान्यात, रंगखात्यात, त्यांची उभी नोकरी झाली. थिनरच्या वाफेत नाक नेमकं कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. निवृत्तीच्या समारंभाबद्दल कुणी विचारलं की ते सांगत, "शाल दिली, घड्याळ दिलं, नाक तेवढं ठेवून घेतलं."

पण नाक गेलं म्हणून अडून बसणाऱ्यांतले ते नव्हते. ते लोकांची नाकं उसनी घेत. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले त्याच आठवड्यात जिन्यात त्यांची गाठ पडली. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यात टँकरची वेळ. समोरून हे खरबूज घेऊन आले आणि ते माझ्या तोंडापुढं धरून म्हणाले, "सेक्रेटरीबाई, जरा नाक द्या."

मी वास घेतला. "गोड आहे," म्हटलं. त्यांनी उत्तराकडं लक्षच दिलं नाही. ते माझ्या नाकपुड्या बघत होते.

"नाय," ते म्हणाले, "अजून दोन दिवस लागतील." आणि खरबूज घेऊन वर निघून गेले.

पुढं सवय झाली. माझं कामच कुणाकडं काय सोपवलंय हे लक्षात ठेवण्याचं, त्यामुळं त्यांची वाटणीही लवकरच ध्यानात आली. दुधाला तळमजल्यावरच्या जोशीकाकू, जुम्म्याच्या अत्तराला वॉचमन, फळांना मी. त्यांच्या बायकोनं, साबेराभाभींनी, नाक द्यायला साफ नकार दिला होता. "सारी उमर दी मैं अपनी नाक," त्या म्हणत, "अब सोसायटी से मांगो." माणूस तोंडानं काहीही सांगतो, नाकपुडीला खोटं जमत नाही, असा निसारभाईंचा सिद्धांत होता, आणि त्या सिद्धांतापायी आमच्या इमारतीत कितीतरी लोक जिन्यात उभे राहून कशाकशाचे वास घेत असत.

दिसायला ते ठेंगणे, ताठ. अंगात कायम पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा. रंगकाम करतानाही तोच, आणि त्यावर कधी एक थेंब नाही. "डाग पडला तो पेंटर," ते म्हणत, "नाय पडला तो सुपरवायझर." उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख मात्र त्यांनी वाढवलेलं होतं. कुठलाही रंगवलेला पृष्ठभाग दिसला की ते नख आपोआप पुढं येई. बोलता बोलता दाराची चौकट, बँकेचा काउंटर, रिक्षाचा दांडा, काहीही खरवडून बघत. आणि मग ते वाक्य, जे आमच्या इमारतीत लहानथोर सगळे त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत: "खाली काय हाय ते बघू."

माझ्या दाराचंच घ्या. दिवाळीपूर्वी दाराला एक हात तेलरंग मारून घ्यावा एवढीच माझी इच्छा होती. अर्ध्या दिवसाचं काम. निसारभाई सहज म्हणून आले, नख लावलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर रंग? बाई, हा मेकअप व्हईल." दार बिजागरीवरून उतरलं. चार दिवस आमच्या घराला दाराऐवजी चादर होती. गॅसवाला चादरीपुढं उभा राहून "बेल कुठंय" विचारायचा. खालच्या फळीत वाळवी निघाली तेव्हा निसारभाईंचा चेहरा मुलगा पहिला आल्यासारखा झाला. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून ती वाळवी दाखवली. मी सेक्रेटरी, माझ्याच दारात वाळवी, आणि सगळी सोसायटी रांगेनं बघून गेली. दार पुढं छान झालं, हेही सांगायला हवं. अजून आहे.

मुलाचं स्थळ बघायला गेले तिथंही नख गेलंच. क्रांती चौकाजवळ राहणारी मंडळी, मोठं घर, मोठं जेवणाचं टेबल. मुलीचा बाप टेबलावर हात फिरवून म्हणाला, "सागवान है, नवाबी जमाने का." निसारभाईंनी सरबताचा ग्लास बाजूला ठेवला, काठाला नख लावलं आणि जाहीर केलं की खाली प्लायवूड आहे. साबेराभाभी सांगतात, त्या क्षणी जमीन दुभंगावी असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी मुलीच्या बापाचा फोन. लग्न मोडलं हेच सांगणार म्हणून भाभींनी फोन निसारभाईंकडं दिला. तो माणूस विचारत होता, "प्लाय है तो है, पण पॉलिश होईल का?" लग्न त्या टेबलावरच ठरलं. निसारभाईंचं मत एका ओळीचं होतं: "टेबल खराब, लडकी अव्वल." त्याच मुला-सुनेकडं, नाशिकला, ते दोघं आता राहायला गेलेत. तिथल्या शेजाऱ्यांची मला काळजी वाटते.

पण निसारभाई म्हटलं की मला पहिली आठवते ती आबा काकड्यांची बंदूक.

आबा तिसऱ्या मजल्यावर मुलाकडं राहत. गाव सोयगावच्या बाजूला, भावकी मोठी, शेती अजून कसती. बोलणं कमी, चालणं सावकाश, आणि मी सेक्रेटरी म्हणजे सरकारचीच कुणीतरी आहे असा पक्का समज. त्यांच्याकडं घराण्यातली एक ठासणीची बंदूक होती. भावकीच्या मते गावातल्याच कुणा लोहार-सुताराच्या हातची, लांब नळीची, रानडुकरांपासून पीक राखायच्या परवान्यावरची. कित्येक वर्षांत तिचा बार निघालेला नव्हता. तिचं काम वर्षातून एक दिवस. खंडेनवमीला ती गावी न्यायची, सगळी भावकी जमायची, विळे-कोयत्यांसोबत तिची पूजा व्हायची. आणि आदल्या संध्याकाळी घरातल्या वडील माणसानं तिच्या लाकडाला एक हात रंग द्यायचा. हा आबांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक. कुठला रंग ते महत्त्वाचं नाही, घरात डब्यात उरला असेल तो. पण नवमी रंगाशिवाय जाता कामा नये.

त्या वर्षी निवडणुका होत्या. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आबांची परत आली ती नाव-गावाची चिठ्ठी सुतळीनं बांधलेली. सुतळी सोडली तसा तिच्यासकट रंगाचा तळहाताएवढा पोपडा निघून आला. आबा तो पोपडा रुमालात घेऊन माझ्याकडं आले.

"ताई," ते म्हणाले, "नवमी आली. अशी खरजुली कशी पुजावी?"

मी आधी परवान्याचं बघितलं. ठाण्यात जाऊन विचारून आले. नळी आणि चाप घरात कुलपात ठेवा, नुसतं लाकूड खुशाल कुणाकडंही द्या, असं सांगण्यात आलं. ते आबांना दोनदा समजावलं. मग निसारभाईंना बोलावलं. खरं तर बोलवावं लागलंच नाही, पोपड्याची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच गेली होती.

आल्या आल्या शब्दावरून जुंपली. बंदुकीच्या लाकडी भागाला आबा दस्ता म्हणत, निसारभाई कुंदा.

"कुंदा मिठाईचा असतोय," आबा म्हणाले.

"आणि दस्ता कागदाचा," निसारभाई म्हणाले. "बंदुकीचा कुंदाच."

शेवटी दोघंही 'लाकूड' या शब्दावर आले. निसारभाईंनी ते हातात तोललं. पोपडा निघालेल्या जागी नख लावलं, कानाशी धरून बोटांनी वाजवलं, डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाले, "अक्रोड."

"अक्रोड?" आबा म्हणाले. "ते आपल्याकडं कुठून?"

"काबूलहून यायचं. निजामाच्या वक्ताला. वजन बघा आबा, आवाज ऐका. शंभर टक्के."

आबांचा चेहरा खुलला तसा मी कधी पाहिला नव्हता. बंदूक कुणा जहागीरदारानं खूश होऊन दिली असं वडील सांगायचे, पण भावकीत त्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. आता पुरावाच मिळाला. त्यांनी तिथल्या तिथं पुतण्याला, गावाकडं शेती बघणाऱ्या बबनला, फोन लावला. चहा होईपर्यंत बबननं भावकीच्या ग्रुपवर टाकलंही होतं: आपल्या बंदुकीचा दस्ता काबूलच्या अक्रोडाचा, या वर्षी मूळ रूपात दर्शन. खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर काम सुरू झालं. निसारभाई रंग उतरवायच्या रिमूव्हरचा हात फिरवत, रंग फुगून सुरकुतला की पत्र्याच्या पट्टीनं हळूच ओढून काढत. आबा शेजारी खुर्ची टाकून बसत. एकेका रंगाखाली दुसरा रंग निघे आणि आबा त्याची ओळख करून देत.

"हा लाल ट्रॅक्टरचा. नवा घेतला त्या साली."

"आणि हा निळा?"

"शाळेच्या दाराचा."

"शाळेचा डबा तुमच्या घरात कसा आला आबा?"

"सरपंच कोण व्हता तवा?" आबा म्हणाले. निसारभाईंनी मान डोलावून पुढचा थर ओढायला घेतला.

चंदेरी निघाला, तो पाण्याच्या टाकीचा. गुलाबी निघाला, तो धाकट्या भावाच्या लग्नात खोली रंगवली त्याचा. "गुलाबी बंदूक," निसारभाई म्हणाले, "डुक्कर हसून मरायचं." आबाही हसले. मी वर पाण्याच्या टाकीचं बघायला जायची ती तास तास तिथंच उभी राहायची. दोन म्हातारे आणि मध्ये ते लाकूड, जणू जुनं पातळ उलगडून त्याचे काठ बघताहेत.

सगळ्यांत खाली काळा होता. जाड, डांबरासारखा. तो सुटायला वेळ लागला. तो निघाला तेव्हा दुपार होती आणि आबा झोपायला खाली गेले होते.

त्यानंतर निसारभाई आबांना गच्चीवर येऊ देईनात. आज वारा आहे, रिमूव्हर डोळ्यात उडेल. आज ऊन आहे. आज मी लाकडाला विश्रांती दिलीय. जिन्यात भेटले तरी नख कुठं लावत नव्हते. दोन दिवस हे बघितल्यावर मी वर गेले. नवमी आठवड्यावर आली होती आणि माझ्या वेळापत्रकात लाकूड त्या दिवशी तेलात असायला हवं होतं.

ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. मांडीवर ते लाकूड, तांबूस, घट्ट, उघडं.

"सेक्रेटरीबाई," ते म्हणाले, "जरा नाक द्या."

मी वास घेतला. लाकडाचा वास येत होता. त्यांनी माझ्या नाकपुड्या बघितल्या आणि मान हलवली. "तुम्हाला नाय कळणार. जोशीकाकूंना नाय कळलं. वॉचमन म्हणाला चांगला वास हाय. चांगला वास हाय म्हणं."

"काय झालं?"

"हे अक्रोड नाय." हे वाक्य त्यांना जड गेलं. "अक्रोड एवढा पॉलिश पेपर खात नाय. चार कागद संपले, ह्याला काय फरक नाय. आणि हे बघा." लाकडात एका जागी रुपयाएवढं भोक होतं, दुसऱ्या लाकडाची खुंटी ठोकून बुजवलेलं. "बंदुकीला इथं भोक कशाला पायजे?"

"आबांना विचारा. शेतकरी माणूस, लाकूड ओळखतील."

"त्यांचं नाक सोडून बोला," निसारभाई म्हणाले.

तेव्हा मला अडचण पुरती कळली. सगळ्या सोसायटीची नाकं झाली होती, एकच उरलं होतं, आणि त्यालाच ते घाबरत होते. आबांनी भावकीला सांगून ठेवलं होतं. मागं फिरायला जागा निसारभाईंनीच ठेवली नव्हती.

साबेराभाभी वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांना यात काही अवघड दिसत नव्हतं. "अक्रोड का रंग मार देव," त्या म्हणाल्या. "कौन खुरच के देखने वाला है? दुनिया में खुरचने वाला एकीच आदमी है, वो तो यहां बैठा है."

निसारभाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू त्यांनी नमाज चुकवायला सांगितलं. हलक्यावर भारीचा रंग चढवणं हे त्यांच्या लेखी सगळ्यांत वाईट काम. कारखान्यात खालचा हात नीट बसला नाही म्हणून त्यांनी गाड्या परत पाठवल्या होत्या, वरिष्ठांशी भांडले होते. सोसायटीच्या जिन्याच्या कठड्यावर गंज न घासता रंग मारणाऱ्या ठेकेदाराला त्यांनी डब्यासकट गेटबाहेर घालवलं होतं. तो ठेकेदार मी ठरवलेला होता.

"मी?" ते एवढंच म्हणाले. "मी रंग मारू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आबांना हाताला धरून वर घेऊन आले. मला आधी निरोप होता, साक्षीदार म्हणून. आबांना खुर्चीत बसवलं. लाकूड पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. निसारभाईंनी एका कडेला काचेच्या तुकड्यानं ताजं खरवडलं, ती जागा आबांपुढं धरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आबा, जरा नाक द्या."

आबांनी लाकूड नाकाशी नेलं. या वेळी निसारभाई नाकपुड्या बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते.

"बाभूळ," आबा म्हणाले. विचार करायला त्यांना वेळ लागलाच नाही. मग त्यांचा अंगठा फिरत फिरत त्या बुजवलेल्या भोकापाशी आला आणि थांबला. "आणि हे रुमणं हाय."

मला रुमणं कळलं नाही. आबांनी उभं राहून दाखवलं. नांगर धरतात तो उभा दांडा, माणूस मागून चालत ज्याच्यावर भार देतो, ते रुमणं. भोक होतं ते मुठीचं. तिथं आडवी मूठ बसवतात. त्यांनी लाकूड उभं धरलं, हात ठेवला, दोन पावलं गच्चीवर चालून दाखवली. एका बाजूला लाकडात उथळ खळगा होता. आबांचा तळवा त्यात जाऊन बसला.

"झिजलंय," ते म्हणाले. "कुणाच्या हातानं कुणास ठाऊक."

मग ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. "मूळचं मोडलं आसंल, न्हाय तर वाळवीनं खाल्लं आसंल. बापानं नांगराचं रुमणं तासून बसवलं आणि वर डांबर फासलं. आन् आमाला दंडक घालून दिला. नवमीला रंग चुकवू नका. लई मोठं पाप लागतंय म्हणं." त्यांनी डोळे पुसले. "आमी आपलं इमानेइतबारे झाकीत बसलो."

निसारभाईंचा जीव भांड्यात पडला. ते एकदम बोलू लागले. बाभूळ काय कमी आहे का, ही नस बघा, जवसाचं तेल पाजलं की अशी तांबूस उजळेल, मूळ रूपात दर्शन म्हणालात ना, हेच मूळ रूप.

"नाय," आबा म्हणाले. "अक्रोड करा."

"करा म्हणजे?"

"रंग द्या अक्रोडाचा."

"आबा, मी असला रंग देत नाय."

"तुमीच म्हणले अक्रोड हाय."

"चुकून म्हणलो."

"मग चुकूनच रंग द्या."

निसारभाईंनी फडकं खाली ठेवलं. आपण जन्मात हे केलं नाही, आता या वयात करणार नाही, हवं तर क्रांती चौकातून दुसरा पॉलिशवाला आणून देतो, असं ते म्हणाले. भावकीला खरं सांगायला काय होतं, हेही म्हणाले. आबा ऐकून घेत होते. सगळं संपल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "निसारभाई, माझ्या बापानं मरेपर्यंत झाकलं. जहागीरदाराचं सांगितलं, ते भावकीनं मानलं नाय, तरी सांगत राह्यला. ते म्या उघडं पाडू? सगळ्यांच्या म्होरं, पूजेला?"

निसारभाईंनी फडक्याची घडी घातली. ते उठून गेले. लाकूड मी आत नेऊन ठेवलं.

दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एक लिफ्टनं गेला की दुसरा जिन्यानं. आबा माझ्याकडं येऊन विचारत, "काय म्हणतोय तुमचा पेंटर?" निसारभाई विचारत, "जमीनदारसाहेबांचा राग गेला का?" मी दोघांनाही नवमीला किती दिवस राहिलेत ते सांगत होते, बाकी काही नाही. साबेराभाभींनी मात्र निसारभाईंचा चहा तोडला. "बाप की इज्जत का सवाल है," त्या म्हणाल्या, "और तुम रंग की इज्जत लेके बैठे."

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीचं दार उघडं दिसलं. निसारभाई पानवाल्याकडून आणलेला कात पाण्यात उकळत होते. बाजूला लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये भिजत घातलेला. पाणी मारून लाकडाचे बारीक तंतू उठवले, घासले, पुन्हा मारले, पुन्हा घासले. काताच्या पाण्याचे हात दिले. त्यावर त्यांनी स्वतः घोटलेला रंग, कापडाच्या बोळ्यानं, कुठं गडद, कुठं फिका, लाकडाच्या नसेच्या मागं मागं. मग लाखेचे हात. गोल गोल, हलके, एकावर एक, मध्ये वाळायला सोडून. आपल्याला न पटलेलं काम करताना माणूस थोडा तरी अंग चोरतो. निसारभाईंनी तेवढंही चोरलं नाही. लाकूड इतकं देखणं झालं की खऱ्या अक्रोडाला शेजारी ठेवलं असतं तर तोच खोटा वाटला असता.

"झालं," ते म्हणाले. सदऱ्यावर डाग नव्हता. मग त्यांनी लाकूड उलटं करून मला आतली खाच दाखवली. नळी जिथं बसते ती, लांबच लांब. तिथं रंग नव्हता. नुसतं तेल पाजलेली बाभूळ, तांबूस, स्वच्छ, एकेक रेष मोजून घ्यावी अशी.

"इथं नाय लावला," ते म्हणाले. "नळी बसली की हे झाकतंय. त्यांच्या बापाचं बी राह्यलं, माझं बी."

"आबांना सांगितलंत?"

"नळी तेच बसवणार. दिसंल त्यांना."

आबांनी नळी बसवायला घरात दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा बंदूक पूर्ण होती. त्यांनी निसारभाईंच्या दारावर टकटक केली आणि म्हणाले, "नवमीला गावाकडं यायचं. भाभींना घेऊन. नाय म्हणायचं नाय." मलाही बोलावणं होतं. सेक्रेटरीशिवाय कसं चालेल, म्हणाले.

गावी अंगणात मांडव घातलेला. सगळी भावकी जमलेली. कोयते, विळे, पहारी धुऊन-पुसून मांडलेल्या, आणि मधोमध पाटावर ती बंदूक. बायका हळद-कुंकू वाहून दोन पावलं मागं सरकून पुन्हा बघत. फोटो निघत होते. आदल्या संध्याकाळचा रंगाचा हात यंदा चुकला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. चहूकडून एकच शब्द ऐकू येत होता, अक्रोड, अक्रोड. ज्यांनी आयुष्यात कधी अक्रोडाचं लाकूड पाहिलं नव्हतं ते दुसऱ्यांना त्याची ओळख पटवून देत होते.

निसारभाईंनी पहिल्या पंगतीत जागा धरली. पुरणपोळी आली आणि त्यांनी खायला जी सुरुवात केली ती थांबवलीच नाही. कुणी "वा निसारभाई, कमाल केली" म्हणत जवळ आलं की ते मोठा घास घेत आणि भरल्या तोंडानं मान डोलावत. पोटात जागा उरली असेल असं वाटत नव्हतं. आबा समोरच्या ओळीत बसून हे बघत होते. वाढणाऱ्याला ते हळूच खूण करत, पाहुण्यांना आणखी वाढ.

शेवटी बबन येऊन समोर बसला. घास संपायची वाट बघत राहिला. "निसारभाई," तो म्हणाला, "ग्रुपवर लोक विचारायलेत. खरं सांगा, लाकूड नेमकं कुठलं?"

निसारभाई चावत राहिले. पाणी प्याले. आबांकडं पाहिलं. आबांचा हात ताटावरच थांबला होता.

"तुमच्याच घरचं हाय," निसारभाई म्हणाले. "दुसऱ्या कुठलं नाय."

आबांनी मान खाली घातली आणि पोळीचा तुकडा मोडला. बबननं मान डोलावली, उठला, आणि चार माणसांत जाऊन सांगितलं, "घरचं अक्रोड हाय म्हणे." चारांनी ते चाळिसांत नेलं. चहा येईपर्यंत पक्कं झालं होतं की काबूल वगैरे काही नाही, काकड्यांच्या मळ्यातच पूर्वी अक्रोडाचं झाड होतं. एकाच्या आजीनं त्याचे अक्रोड खाल्ले होते. एकाला ते कुठल्या साली पडलं तेही आठवत होतं.

निघायच्या वेळी गाडीत सामान ठेवलं, भाभी बसल्या, निसारभाईंचा पत्ता नव्हता. मी शोधायला मळ्याच्या बाजूला गेले. बांधावर भावकीतला एक म्हातारा त्यांचा हात धरून उभा होता आणि काठीनं समोरची एक मोकळी जागा दाखवत होता. "इथं व्हतं ते," तो सांगत होता. "ही एवढी सावली पडायची."

निसारभाई त्या मोकळ्या जागेकडं बघत होते. मग त्यांनी मान वर करून, झाडाची उंची नजरेनं मोजावी तशी, सावकाश आभाळाकडं पाहिलं.

"मोठं व्हतं," ते म्हणाले.